एकाच गडावर दोन तानाजी: कोल्हापुरातील एका खेळणी-मालिकेचे प्रकरण

पार्श्वभूमी

शिवाजी उद्यमनगरातील हा कारखाना मुळात खेळण्यांचा नव्हता. पंपांना लागणारी प्लॅस्टिकची टोपणे, वॉशर आणि बुश यांचे जॉबवर्क करणारे, दोन इंजेक्शन मोल्डिंग मशिनांचे ते एक लहान युनिट होते. थोरले भाऊ मशिन आणि डाय, म्हणजे वितळलेले प्लॅस्टिक ज्यात दाबून भरतात ते साचे, सांभाळत, तर धाकटी बहीण खरेदी, विक्री आणि बँकेचे व्यवहार पाहत असे. मी २०२३ च्या अखेरीपासून त्यांच्या खर्चाचे आणि किमतींचे हिशेब पाहू लागलो, त्यामुळे पहिल्या दोन वर्षांची माहिती मला त्यांच्या वह्यांतून आणि त्या दोघांच्या तोंडून मिळालेली आहे. ओळख पटू नये म्हणून मालिकेचे नाव गाळले आहे आणि आकडे ढोबळ ठेवले आहेत.

फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले. घाऊक बाजारातले परदेशी स्वस्त सैनिक त्यानंतर कमी होत गेले. दिवाळीत कोल्हापूरच्या गल्लीबोळांत उभे राहणारे किल्ले मात्र कमी झाले नव्हते. त्यांवर मांडायचे शाडूचे किंवा प्लॅस्टरचे मावळे दरवर्षी नवे घ्यावे लागतात, कारण त्यांचे भाले मोडतात आणि परतीच्या पावसाची एखादी सर आली तरी रंग उतरतो. आपल्या मशिनवर न मोडणारा मावळा निघू शकेल, हा विचार थोरल्या भावांचा. परवाना आणि चाचण्या यांत वर्षाचा मोठा भाग गेला. आयएस ९८७३ या मानकात खेळण्याच्या टोकदारपणापासून रंगातून बाहेर पडणाऱ्या जड धातूंपर्यंत सगळे तपासले जाते, आणि हाताने रंगवायच्या मावळ्याच्या बाबतीत प्रत्येक रंग हा स्वतंत्र प्रश्न ठरतो.

मालिकेची पहिली रचना

२०२१ च्या दिवाळीसाठी आठ कॅव्हिटीच्या, म्हणजे एका वेळी आठ नग देणाऱ्या, दोन डाय करून सोळा नमुने काढण्यात आले. त्यांत भालदार, ढालाईत, नगारची, शिंग फुंकणारा, बंदूकधारी, गोलंदाज, लोहार, गवळण, पाणी वाहणारी बाई अशी गडावरची माणसे होती. एकालाही नाव नव्हते. बंद पाकिटात कोणतेही तीन नग आणि किंमत ३० रुपये. सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज मात्र पारदर्शक डबीत, वेगळे, ६० रुपयांना ठेवले होते. तेही बंद पाकिटात घालावेत आणि ‘ज्याला मिळतील तो भाग्यवान’ अशी जाहिरात करावी, असे एका डीलरने सुचवले होते, पण बहिणीने ते ठामपणे नाकारले. “दादा, महाराज नशिबावर सोडायचे नाहीत,” एवढेच ती म्हणाली, आणि या संपूर्ण प्रकरणातला हा एकच निर्णय असा आहे की ज्याबद्दल पुढे कोणालाही फेरविचार करावासा वाटला नाही.

पहिल्या दिवाळीत सुमारे ३८,००० पाकिटे गेली. पुढच्या वर्षी आणखी एक डाय करून नमुने चोवीस झाले आणि १,१०,००० पाकिटे खपली. लक्ष्मीपूजनाच्या आठ दिवस आधीच माल संपला. दुकानांच्या पायऱ्यांवर आणि तालमींच्या अंगणात मुले नगांची अदलाबदल करताना दिसत. बंद पाकीट, जमवण्याची ओढ आणि अदलाबदल यांमुळे मालिका चालली, असा निष्कर्ष दोघांनी काढला. तो चुकीचा नव्हता, पण अपुरा होता.

जानेवारी २०२३ चा निर्णय

डीलरांचा प्रश्न एकच होता: यंदा नवीन काय? निर्णयानंतर लगेच, फेब्रुवारी २०२३ मध्ये, आयात शुल्क ७० टक्के झाले, त्यानेही धीर वाढला. पुण्यातील काही प्रौढ संग्राहक संपूर्ण संच विकत घेऊ लागले होते आणि त्यांची मागणी नामवंत वीरांची होती. चौदा लाखांचे कर्ज काढून चार नव्या डाय करण्यात आल्या आणि त्यांतून बत्तीस नवे नमुने आले: तानाजी मालुसरे, बाजीप्रभू देशपांडे, शिवा काशीद, येसाजी कंक, मुरारबाजी, हंबीरराव मोहिते, जिवा महाला आणि इतर, त्यांतले काही घोड्यावर स्वार. याशिवाय चार नमुने सोनेरी रंगात, साधारण चार खोक्यांमागे एक या प्रमाणात टाकण्यात आले. एकूण प्रकार साठ झाले. स्वारांमुळे प्लॅस्टिक आणि रंगकाम वाढल्याने पाकिटात तीनऐवजी दोन नग ठेवून किंमत ५० रुपये करण्यात आली.

इथे डायच्या अर्थशास्त्राकडे पाहिले पाहिजे, कारण बाहेरून जो हव्यास वाटतो तो पुष्कळदा कर्जाचा हप्ता असतो. डायचा खर्च पहिला नग निघण्याआधीच होऊन गेलेला असतो आणि तो भरून येण्यासाठी हजारो शॉट, म्हणजे साचा भरण्याच्या फेऱ्या, घ्यावे लागतात. नवी डाय टाकली की ती चालवावी लागते, ती चालली की माल ढकलावा लागतो, आणि सोनेरी रंगासारख्या युक्त्या सुचतात त्याही यासाठीच की तिथे नवी डाय लागत नाही.

अडचण कुठे दिसली

२०२३ च्या दिवाळीत १,४०,००० पाकिटे कारखान्यातून बाहेर पडली. किंमत वाढल्याने उलाढाल आदल्या वर्षाच्या दुपटीहून अधिक झाली आणि वहीवर ते सर्वांत चांगले वर्ष ठरले. मी काम हाती घेतले तेव्हा माझेही मत तेच झाले होते. जानेवारी २०२४ मध्ये डीलरांकडून येणे थकू लागले, तेव्हा बहीण स्वतः कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली आणि बेळगावच्या दुकानांत गेली आणि तिने उरलेली पाकिटे मोजली. तिथली मोजणी आणि इतर डीलरांनी फोनवर दिलेले आकडे मिळून जवळपास ६०,००० पाकिटे फळ्यांवरच होती.

आदल्या वर्षी माल कमी पडल्याने प्रत्येक दुकानदाराने यंदा गरजेपेक्षा जास्त मागवला होता, त्यावर डीलरने आपली भर घातली होती, आणि कारखान्याने ती सगळी बेरीज मुलांची मागणी समजून उत्पादन केले होते. दुकानदाराला विकलेला माल आणि मुलाच्या हातात गेलेला माल यांतला फरक या व्यवसायात हंगाम उलटल्यावरच कळतो. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. मॅटेल कंपनीच्या ‘ही-मॅन’ खेळण्यांची अमेरिकेतील विक्री १९८६ मधील सुमारे ४० कोटी डॉलरवरून पुढच्या एकाच वर्षात ७० लाखांवर आल्याचे सांगितले जाते. मुलांची आवड बारा महिन्यांत इतकी आटत नाही. फळ्या आधीच भरलेल्या असतील तरच असा कडा कोसळतो.

कारणांचा शोध

थोरल्या भावांच्या मते दोष मोबाइलचा होता. तो अगदीच नव्हता असे नाही, पण मोबाइल २०२२ मध्येही होता, आणि तेव्हा माल संपला होता. बहिणीने दुकानदारांची म्हणणी वहीत उतरवून आणली होती. त्यांतले महाद्वार रोडवरच्या एका दुकानदाराचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले: “आधी डबल आलं तरी पोरं हसत जायची, आता डबल आलं की तोंड पाडून जात्यात.”

या वाक्याचा अर्थ लागायला आम्हाला बराच वेळ लागला. किल्ल्यावर भालदार एक असून चालत नाही. दरवाजावर दोन, बुरुजांवर चार, पायऱ्यांवर आणखी काही लागतात. निनावी मालिकेत एकच नग पुन्हा आला तर तो वाया जात नव्हता. गडाची शिबंदी वाढत होती. जगभरच्या बंद पाकिटांच्या खेळण्यांचा जो मूळ दोष, म्हणजे नको असलेला दुसरा नग, तो किल्ल्याच्या प्रथेने आपोआप झाकला होता, आणि हे श्रेय आमच्यापैकी कोणाचेच नव्हते. नाव असलेला वीर आला आणि तो दोष उघडा पडला. एकाच गडावर दोन तानाजी उभे करता येत नाहीत. शिवाय कोल्हापुरात पुष्कळ मुले पन्हाळा बांधतात. तिथे १६६० च्या वेढ्यामुळे शिवा काशीद आणि बाजीप्रभू सर्वांना हवे होते. कोंढाण्यावर पडलेल्या तानाजीचे पन्हाळा बांधणाऱ्या मुलाने करायचे काय, हा प्रश्न आराखडा करताना कोणीच विचारला नव्हता.

दुसरे कारण साध्या गणिताचे होते. प्रत्येक नग सारख्याच शक्यतेने आणि स्वैरपणे येतो असे धरले, तर अदलाबदलीशिवाय सोळा प्रकार पूर्ण करायला सरासरी ५४ नग लागतात. म्हणजे अठरा पाकिटे, ५४० रुपये. चोवीस प्रकारांना सुमारे ९१ नग, म्हणजे साधारण ९०० रुपये. साठ प्रकारांना मात्र सुमारे २८० नग लागतात आणि दोन नगांच्या ५० रुपयांच्या पाकिटाने तो खर्च ७,००० रुपयांवर जातो. सोनेरी नग दुर्मिळ असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही अधिक. अदलाबदलीने हा खर्च खाली येतो, पण त्यासाठी समोरच्याकडे आपल्याला हवा तो नग असावा लागतो, आणि साठांत ते जुळणे अवघड होते. संच पूर्ण होणार नाही हे दहा वर्षांच्या मुलाला गणित न मांडताही तिसऱ्या-चौथ्या पाकिटाला कळते. नमुने वाढले की खर्च त्याच प्रमाणात नव्हे, तर त्याहून वेगाने वाढतो, हे मी जानेवारी २०२३ मध्ये तिथे असतो तर मांडले असते, असे म्हणायला मला आवडेल. पण हा हिशेब मी माल पडून राहिल्यावर केला.

तिसरे कारण स्वारांचे. घोडेस्वाराचे पाकीट हाताला जड लागे. संग्राहक पाकिटे चाचपून घेत, काही दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला तराजूही देत, आणि मुलांच्या वाट्याला चाचपून टाकलेली पाकिटे उरत. सोनेरी नगांसाठी हेच संग्राहक खोकीच्या खोकी उचलत आणि नको असलेले नग फुटकळ विकत, त्यामुळे हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात विक्री जोरदार दिसली आणि त्या जोरावर दुसरी खेप पाठवली गेली.

शेवटचे कारण वयाचे. २०२१ मध्ये चौथीत असलेली मुले २०२४ पर्यंत सातवीत गेली होती. त्यांच्या जागी येणाऱ्या चौथीच्या मुलाला साठ नगांची, अर्धी जुनी आणि दुकानात अर्धवट मिळणारी मालिका समोर दिसत होती. ‘लेगो’ कंपनीने ‘बायोनिकल’ ही मालिका २००१ पासून चालवून २०१० मध्ये थांबवली, त्यामागेही साचत गेलेल्या कथानकात नव्या मुलाला शिरता येईनासे झाले, हे एक कारण मानले जाते. आमच्याकडे कथानक नव्हते, पण मागचे साचलेले ओझे तसेच होते.

विचारात घेतलेले पर्याय

मार्च ते मे २०२४ या काळात चार पर्याय मांडले गेले. पहिला, ‘अखेरची मालिका’ जाहीर करून उरलेला माल काढायचा. ‘टाय’ कंपनीने ऑगस्ट १९९९ मध्ये वर्षअखेर सर्व बीनी बेबीज, म्हणजे लोक हौसेने जमवत ती कापडी खेळणी, बंद करण्याची घोषणा केली, ‘द एन्ड’ नावाचे काळे अस्वलही काढले आणि वर्ष संपताना ग्राहकांचा कौल घेऊन उत्पादन चालूच ठेवले. त्या खेळण्यांचा सट्टा मात्र पुन्हा सावरला नाही. शेवट जाहीर करून विकणे हे एकदाच करता येते, आणि आमचे गिऱ्हाईक तर समोरासमोर राहणारे होते, म्हणून हा पर्याय बहिणीने बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय दोन-तीन वर्षे थांबून नव्या पिढीसाठी परत येण्याचा होता. बेब्लेड हे लढाईचे भोवरे जपानमध्ये १९९९ मध्ये आले, २००८ मध्ये धातूच्या रूपात, २०१५ मध्ये ‘बर्स्ट’ आणि २०२३ मध्ये ‘एक्स’ या नावाने परतले. दर वेळी आधीची मालिका जुनी ठरते आणि सर्व मुले पुन्हा एका रेषेवर येतात. हा मार्ग मला आजही सर्वांत शहाणपणाचा वाटतो, पण कर्जाचा हप्ता दरमहा होता. तिसरा पर्याय माल परत घेऊन तोटा लगेच मान्य करण्याचा. संग्राहकांसाठी बाहुल्या काढणाऱ्या ‘फंको’ कंपनीने मार्च २०२३ मध्ये ३ ते ३.६ कोटी डॉलर किमतीचा साठा नष्ट करण्याचे जाहीर केले होते, कारण तो गोदामात ठेवणेच महाग पडत होते. चौथा पर्याय किंमत निम्मी करण्याचा.

निर्णय आणि अंमलबजावणी

जून २०२४ मध्ये चौथा पर्याय स्वीकारण्यात आला. तो सल्ला माझा होता. नवे उत्पादन बंद ठेवून दुकानांत पडलेली पाकिटे २५ रुपयांना विकायची आणि फरकाची क्रेडिट नोट, म्हणजे त्यांच्या येण्यातून तेवढी रक्कम वजा करणारी चिठ्ठी, डीलरांना द्यायची, असे ठरले. रोकड लवकर सुटेल, एवढाच विचार मी केला होता.

घडले ते असे: ज्या डीलरांनी आपला माल मेहनतीने आधीच संपवला होता त्यांना काही मिळाले नाही आणि ज्यांचा पडून होता त्यांना क्रेडिट नोटा मिळाल्या, त्यामुळे चांगले डीलर दुखावले. सोनेरी नग दुप्पट-तिप्पट किमतीला विकणाऱ्या संग्राहकांचा बाजार बसला आणि त्यांनी हात आखडला. मुलांनी मात्र थोडी अधिक खरेदी केली, पण जे ५० रुपयांना घेतले ते शेजाऱ्याला २५ ला मिळाले, हे मुले विसरत नाहीत. ‘अजून थांबलो तर दहाला मिळेल’ असे दुकानातच ऐकू येऊ लागले. दिवाळी २०२४ संपेपर्यंत ६०,००० पैकी २९,००० पाकिटे गेली.

मार्च २०२५ मध्ये मालिका बंद करण्याचा निर्णय झाला आणि उरलेली ३१,००० पाकिटे कारखान्याने परत घेतली. म्हणजे तिसरा पर्याय शेवटी स्वीकारावाच लागला, पण नऊ महिने उशिरा आणि क्रेडिट नोटांचा भुर्दंड सोसून.

ग्राइंडरपाशी झालेला निर्णय

परत आलेला माल फोडून ग्राइंडरमध्ये घालायचा, असे कागदावर ठरले होते. पाकिटे फोडायला सुरुवात झाली आणि पहिल्याच दिवशी मशिनवरच्या कामगाराने हात जोडले. “मालक, बाजीप्रभूंस्नी यात घालायचं आमच्याच्यानं व्हायचं न्हाई.” थोरले भाऊ काही वेळ गप्प राहिले आणि त्यांनी मशिन बंद करायला सांगितले. व्यवहाराच्या दृष्टीने यात फारसे नुकसान नव्हते. रंग चढलेल्या प्लॅस्टिकचा चुरा खेळण्यांत पुन्हा वापरता येत नाही, त्यातून फार तर काळी टोपणे निघाली असती. पण साठ प्रकारांच्या आराखड्यात ‘उरलेल्याचे काय’ हा रकाना का नव्हता, याचे उत्तर त्या दिवशी मिळाले: नको झालेला वीर टाकायचा कसा, याचा विचार करणेच आम्हाला अवघड गेले असते.

बचत गटातील ज्या महिलांनी हे नग रंगवले होते त्यांच्याकडूनच दोन महिन्यांत सुमारे ६२,००० नगांची निवड करून घेण्यात आली. नावाचे वीर, जवळपास ३६,०००, जिल्ह्यातील शाळांना किल्ला स्पर्धांसाठी देण्यात आले. उरलेले निनावी नग दहाच्या पारदर्शक पिशवीत भरले गेले.

परिणाम

२०२५ च्या दिवाळीत ‘पहारेकरी’ नावाची ही दहा नगांची पिशवी ९० रुपयांना बाजारात आली. तोपर्यंत, २२ सप्टेंबर २०२५ पासून, साध्या खेळण्यांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला होता, त्यामुळे किमतीला थोडी जागा मिळाली. पिशवीवर क्रमांक नाही, यादी नाही, आत काय आहे ते बाहेरून दिसते. परत आलेल्या मालातून भरलेल्या पिशव्या आधी संपल्या, मग जुन्या तीन डाय पुन्हा मशिनवर चढल्या, आणि एकूण सुमारे ९,००० पिशव्या गेल्या. हा आकडा २०२२ च्या जवळपासही नाही, पण हंगामानंतर एकही पिशवी परत आली नाही. डायच्या कर्जातले सुमारे पाच लाख अजून जॉबवर्कच्या नफ्यातून फिटायचे आहेत. दुखावलेल्या डीलरांपैकी दोघे परतलेले नाहीत.

वेगळे काय करता आले असते

नावाचे वीर काढायचेच होते तर ते महाराजांसारखे पारदर्शक डबीत, निवडून घेण्याजोगे ठेवायला हवे होते आणि बंद पाकीट फक्त शिबंदीसाठी राखायला हवे होते. ते करण्यासाठी एक रुपयाही जास्त लागला नसता. बहिणीने एका मूर्तीबाबत २०२१ मध्ये जे ओळखले होते तेच बत्तीसांना लागू पडत होते, पण पहिल्या वेळी ते श्रद्धेपोटी सुचले होते आणि म्हणून व्यवहाराचा नियम म्हणून कोणी त्याकडे पाहिले नाही.

चार डायऐवजी एकच डाय टाकून, फक्त पन्हाळ्याच्या वेढ्यातली आठ माणसे काढता आली असती. मग पुढच्या वर्षी कोंढाणा, त्याच्या पुढे प्रतापगड, आणि दर वर्षी मागचा संच बंद. दुकानांतली मोजणी जानेवारीत नव्हे, तर दिवाळीच्या दहा दिवस आधी व्हायला हवी होती, निदान वीस दुकानांत, म्हणजे दुसरी खेप थांबली असती. किंमत निम्मी करण्याबाबत माझी चूक मी वर मांडली आहेच. त्याऐवजी जून २०२४ मध्ये पाकिटे परत घेऊन निवड केली असती, तर ‘पहारेकरी’ पिशवी एक दिवाळी आधी आली असती.

सोनेरी नगांबद्दल भावंडांचे अजून एकमत नाही. थोरल्या भावांच्या मते तिथूनच सगळे बिघडले. बहिणीच्या मते ते साठांत न टाकता सोळांत टाकले असते, तर मुलांनीही ते आनंदाने शोधले असते. वीरांच्या चारही डाय तेल लावून मांडणीवर ठेवलेल्या आहेत. पुण्याच्या एका संग्राहकाने त्यांतली बाजीप्रभू असलेली डाय विकत मागितली आहे, आणि त्या पत्राला अजून उत्तर गेलेले नाही.